२००० वॅटचा गिझर १४८५ वॅटच का घेतो?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा. आपले घर डीपीपासून (गावाला वीज वाटणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपासून) लाईनच्या शेवटच्या टोकाला आहे. १५ लिटरच्या गिझरवर २३० व्होल्ट, २००० वॅट असे छापलेले असूनही पाणी तापायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. ओळखीच्या वायरमनकडून आपण मोजमापे करून घेतली, तेव्हा घरातले सर्व काही बंद असताना मीटरपाशी २१२ व्होल्ट मिळाले. गिझर चालू केल्यावर मीटरपाशी २०६ व्होल्ट आणि गिझरच्या स्वतःच्या टर्मिनलवर १९८ व्होल्ट मिळाले, आणि क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती अडकवायच्या मीटरने) ७.५ अँपियर धारा, म्हणजे करंट, दाखवली. यावरून रोध (धारेला होणारा अडथळा) किती, शक्ती किती, कॉइल खराब झाली आहे का, स्टॅबिलायझर बसवावा का आणि हेच गणित विहिरीवरच्या मोटरला लावता येईल का, असे आपण विचारले आहे.

आपण दिलेले आकडे चांगले आहेत, कारण ते एकाच वेळी आणि वेगवेगळ्या ठिकाणी घेतलेले आहेत. बहुतेक जण सकाळी सॉकेटवर बिनलोड, म्हणजे काहीही चालू नसतानाचे, व्होल्टेज पाहतात, संध्याकाळी धारा मोजतात आणि दोन्हींचा भागाकार करतात. त्यातून निघणारा रोध कोणत्याच वस्तूचा नसतो. रोध काढताना विभवांतर (व्होल्टेज) आणि धारा ही दोन्ही मापे एकाच तुकड्याची आणि एकाच क्षणाची असावी लागतात. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात मला या गणितात आढळलेल्या जवळजवळ सर्व चुका या एका अटीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे घडलेल्या आहेत, म्हणून पुढील प्रत्येक आकडेमोडीत ‘कोणता तुकडा’ हा प्रश्न मी आधी विचारणार आहे.

प्रथम गिझरची कॉइल हा तुकडा घेऊ. तिच्या दोन टोकांमधले विभवांतर १९८ व्होल्ट आणि तिच्यातून जाणारी धारा ७.५ अँपियर आहे. विभवांतराला धारेने भागले की रोध मिळतो, म्हणजे १९८ भागिले ७.५, बरोबर २६.४ ओहम. विभवांतर आणि धारा यांचा गुणाकार केला की शक्ती मिळते, म्हणजे १९८ गुणिले ७.५, बरोबर १४८५ वॅट. आता छापील आकड्यांवरून तोच रोध काढून पाहावा. २००० वॅटला २३० व्होल्टने भागले की सुमारे ८.७ अँपियर येतात, आणि २३० ला ८.७ ने भागले की सुमारे २६.४ ओहम. दोन्ही रोध जुळतात, त्यामुळे आपली कॉइल उत्तम स्थितीत आहे आणि ती बदलण्याचे कोणतेही कारण नाही. मोठ्या उष्णता-उपकरणांच्या छापील शक्तीत ५ टक्के अधिक आणि १० टक्के उणे इतकी मुभा मानकांनी दिलेली असते, त्यामुळे रोध २५ ते २९ ओहमच्या दरम्यान कोठेही आला असता तरी मी कॉइलला दोष दिला नसता.

क्षारयुक्त पाण्यामुळे कॉइलवर पांढरा थर बसतो आणि त्यामुळे ‘गिझर कमी वीज घेतो’ असे पुष्कळदा ऐकायला मिळते. थराने कॉइलचे आयुष्य निश्चित कमी होते, कारण आतल्या तारेची उष्णता पाण्यात नीट जात नाही आणि ती अधिक तापते. परंतु त्या तारेचा रोध तापमानाने फारसा बदलत नाही, त्यामुळे ती खेचत असलेली शक्ती जवळपास तेवढीच राहते.

कॉइल ठीक असूनही ५१५ वॅट कमी का पडतात, याचे उत्तर विभवांतराच्या वर्गात आहे. रोध स्थिर असताना विभवांतर कमी झाले की धाराही त्याच प्रमाणात कमी होते, आणि शक्ती या दोघांचा गुणाकार असल्याने ती विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १९८ हे २३० च्या ८६ टक्के आहेत; परंतु शक्ती मात्र ०.८६ च्या वर्गाइतकी, म्हणजे सुमारे ७४ टक्केच उरते. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यासाठी सुमारे २२ लाख जूल ऊर्जा लागते. २००० वॅटने ते काम साधारण १८ मिनिटांत झाले असते, १४८५ वॅटने त्याला जवळपास २५ मिनिटे लागतात. टाकीतून बाहेर जाणारी उष्णता मी येथे धरलेली नाही, त्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही वेळा थोड्या अधिक निघतील.

आता दुसरा तुकडा घेऊ, आणि माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तेथे आहे. मीटरपाशी २०६ आणि गिझरवर १९८, म्हणजे मीटरपासून गिझरपर्यंतच्या वायरिंगमध्ये ८ व्होल्ट हरवतात. त्या वायरिंगमधूनही तीच ७.५ अँपियर धारा जात असल्याने तिचा रोध ८ भागिले ७.५, म्हणजे सुमारे १.०७ ओहम भरतो, आणि तिच्यात उष्णतेच्या रूपाने जाणारी शक्ती ८ गुणिले ७.५, म्हणजे ६० वॅट. हा रोध वाजवी आहे का, ते तारेच्या मापावरून पडताळता येते. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची तार आणि मीटरपासून गिझरपर्यंत १५ मीटर अंतर धरले, तर जाण्यायेण्याची मिळून ३० मीटर तार होते. तांब्याची रोधकता, म्हणजे एक चौरस मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तारेचा रोध, सुमारे ०.०१७२ ओहम असतो. त्याला ३० ने गुणून २.५ ने भागले की ०.२१ ओहम येतात. म्हणजे चांगल्या वायरिंगमध्ये दीड व्होल्टच्या आसपास घट अपेक्षित होती. उरलेले सुमारे साडेसहा व्होल्ट, म्हणजेच ०.८६ ओहम, तारेत नाहीत. ते कोठेतरी एखाद्या सैल किंवा जळक्या जोडात आहेत. आपल्या घरातली तार १.५ चौरस मिलिमीटरची असेल किंवा अंतर दुप्पट असेल, तर हा हिशेब त्याप्रमाणे बदलून घ्यावा; तरीही साडेसहा व्होल्टचे पूर्ण स्पष्टीकरण तारेतून मिळेल असे मला वाटत नाही.

त्या जोडावर निर्माण होणारी उष्णता धारेचा वर्ग गुणिले रोध या सूत्राने काढावी, म्हणजे ७.५ चा वर्ग ५६.२५, गुणिले ०.८६, सुमारे ४८ वॅट. कथिलाचा डाग देण्यासाठी आपण वापरतो ते सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटचे असते आणि त्याच्या टोकावर कथील वितळते. आपल्या घरात जवळपास दोन सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता एखाद्या स्क्रूखाली, प्लॅस्टिकच्या डबीत, रोज सकाळी निर्माण होत आहे. पाणी उशिरा तापण्यापेक्षा ही गोष्ट कितीतरी गंभीर आहे, आणि म्हणून तो जोड सापडेपर्यंत गिझर चालवू नये, अशी माझी आपणास आग्रहाची विनंती आहे.

येथे विद्यार्थ्यांचा आणि कधीकधी अनुभवी कारागिरांचाही एक गोंधळ होतो. विभवांतराचा वर्ग भागिले रोध या सूत्राने रोध कमी असेल तर शक्ती जास्त येते, तर धारेचा वर्ग गुणिले रोध या सूत्राने रोध कमी असेल तर शक्ती कमी येते. मग खरे काय मानायचे? दोन्ही सूत्रे खरी आहेत, परंतु पहिल्यात घालायचे विभवांतर त्याच तुकड्याच्या दोन टोकांमधले हवे. सैल जोडासाठी कोणी २०६ चा वर्ग करून त्याला ०.८६ ने भागले, तर उत्तर ४९,००० वॅटच्या वर जाते, जे उघडच अशक्य आहे, कारण जोडाच्या वाट्याला २०६ नव्हे तर साडेसहाच व्होल्ट आलेले आहेत. एका मागोमाग एक जोडलेल्या तुकड्यांतून धारा सारखीच वाहते, म्हणून तेथे धारेचे सूत्र वापरणे अधिक सुरक्षित असते. पडताळा हवा असेल तर कॉइल २६.४, तार ०.२१ आणि जोड ०.८६ यांची बेरीज करावी, ती २७.४७ ओहम होते, आणि २०६ भागिले ७.५ सुद्धा तेवढेच येतात.

तो जोड शोधण्याची रीत सोपी आहे. परंतु ती चालू लाईनवर करायची असल्याने परवानाधारक वायरमननेच, योग्य दर्जाच्या प्रोब वापरून, करावी. मल्टिमीटरचे एक टोक मीटरपाशी फेजवर ठेवून दुसरे टोक लांब वायरने पुढे पुढे सरकवत न्यावे: एमसीबीच्या (धारा फार वाढल्यास आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) बाहेरच्या बाजूला, मग स्विचच्या आत, स्विचच्या बाहेर, सॉकेटच्या स्क्रूवर, आणि शेवटी गिझरच्या टर्मिनलवर. गिझर चालू असताना हे आकडे काही दशांश व्होल्टने हळूहळू वाढत जायला हवेत, आणि जेथे एकदम पाच-सहा व्होल्टची उडी दिसेल तेथे दोष आहे, असे समजावे. फेजवर काही सापडले नाही तर हीच तपासणी न्यूट्रलवर करावी, कारण सैल न्यूट्रलही तितकाच त्रासदायक असतो आणि त्याच्याकडे लोकांचे लक्ष कमी जाते. मल्टिमीटरच्या ओहमच्या पट्टीवर असा जोड बहुधा सापडत नाही. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध काही दशांश ओहम असतो, आणि मीटर त्या जोडातून मिलिअँपियरच्या घरातली धारा सोडतो. तेवढ्या धारेला जोड चांगला वाटू शकतो आणि सात अँपियरला तोच तापून उठतो. म्हणून लहान रोध नेहमी लोडवर, विभवांतर मोजून आणि धारेने भागून काढावा.

एका घरी मी नेमका असा दोष पाहिला होता. १६ अँपियरच्या सॉकेटला बाहेरून काहीच झालेले दिसत नव्हते, फक्त पांढरी प्लेट एका कोपऱ्यात चहाच्या डागासारखी पिवळट झाली होती. पुरवठा बंद करून प्लेट उघडली तेव्हा फेजचा स्क्रू बोटाच्या दाबाने फिरला. त्याखालची तांब्याची टोके काळी पडली होती, आणि शेवटच्या दोन इंचांचे इन्सुलेशन इतके कडक झाले होते की वाकवल्यावर भाजलेल्या पापडासारखे तुटले. पकडलेल्या सात तारांपैकी तीनच स्क्रूखाली होत्या, उरलेल्या बाजूने निसटलेल्या. घरातल्या माणसांना महिनाभर ‘काहीतरी जळल्याचा’ वास येत होता आणि तो स्वयंपाकघरातला असावा, असे त्यांनी धरले होते. अशा वेळी नुसता स्क्रू आवळून भागत नाही. काळी पडलेली तार चांगल्या तांब्यापर्यंत छाटावी, सॉकेट बदलावे आणि योग्य मापाची लग (तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) लावून जोड पक्का करावा.

स्टॅबिलायझरबद्दल माझे मत स्पष्ट आहे: सध्या बसवू नये. समजा, जळक्या जोडाच्या पुढे, गिझरजवळ स्टॅबिलायझर लावला आणि त्याने कॉइलला २३० व्होल्ट दिले, तर कॉइल २००० वॅट घेईल, आणि ती शक्ती कमी व्होल्टेजच्या लाईनमधूनच यायची असल्याने वायरिंगमधली धारा ७.५ वरून १० अँपियरच्या पुढे जाईल. १० अँपियर धरले तरी जोडावरची उष्णता ४८ वरून ८६ वॅटवर जाते. म्हणजे पाणी लवकर तापेल आणि सॉकेटही लवकर जळेल. जोड दुरुस्त झाल्यानंतरही गिझरला स्टॅबिलायझरची गरज नसते. कमी व्होल्टेजने शुद्ध रोधाच्या उपकरणाचे काही बिघडत नाही, फक्त वेळ वाढतो.

दुरुस्तीनंतर काय अपेक्षा ठेवावी, तेही प्रामाणिकपणे सांगतो. एकूण रोध सुमारे २६.६ ओहम होईल, धारा ७.७ अँपियरच्या आसपास जाईल आणि कॉइलला सुमारे १५८० वॅट मिळतील. २५ ऐवजी २३ मिनिटे लागतील, त्याहून फार फरक पडणार नाही, कारण उरलेली तूट मीटरच्या आधीची, म्हणजे लाईनच्या बाजूची आहे. आपल्याकडे काहीही चालू नसताना २१२ आणि एकट्या गिझरवर २०६, म्हणजे खांबाकडून मीटरपर्यंतच्या पुरवठ्याचा रोध ६ भागिले ७.५, सुमारे ०.८ ओहम आहे. डीपीपासून लांबच्या घरात लाईनच्या लांबीमुळे असे होऊ शकते, पण खांबावरच्या सर्व्हिस वायरचा जोड सैल असण्याचीही शक्यता आहे, आणि तो जोड लाईनमननेच पाहायचा असतो. भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्ये कमी दाबाच्या पुरवठ्यासाठी घोषित दाबापासून ६ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा, असे घालून दिले होते. २३० मधून ६ टक्के वजा केले की २१६ व्होल्ट उरतात. आपल्याकडे बिनलोडच २१२ आहेत, तेव्हा वीज कंपनीकडे लेखी तक्रार करताना दिवस, वेळ आणि लोडसह-लोडविना असे दोन्ही आकडे लिहावेत. नुसते ‘व्होल्टेज कमी आहे’ असे लिहिलेल्या अर्जापेक्षा असा अर्ज हाताळणे त्यांनाही सोपे जाते.

आपल्या वायरमनचे आकडे स्वतः पडताळायचे असतील तर एकही झाकण न उघडता ते करता येते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर लुकलुकणाऱ्या लाल दिव्याजवळ एका युनिटला किती पल्स, ते छापलेले असते. बऱ्याच मीटरांवर ते ३२०० असते. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल, म्हणून प्रत्येक लुकलुकीला ११२५ जूल. फक्त गिझर चालू ठेवून एका मिनिटात ८२ लुकलुकी मोजल्या, तर शक्ती ८२ गुणिले ११२५ भागिले ६०, म्हणजे सुमारे १५४० वॅट. हा आकडा १४८५ पेक्षा जास्त येणारच, कारण मीटर २०६ व्होल्टवर मोजतो आणि वायरिंगमध्ये जाणारे ६० वॅटही त्यात धरतो. गिझर रोज एक तास चालला तर महिन्याला जेमतेम दोन युनिटे वाया जातात. बिलाच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ आहे, भीती आहे ती आगीची. अर्थात दुरुस्ती होईपर्यंत ही मोजणीही एका मिनिटापलीकडे नेऊ नये.

मोजमापाच्या अचूकतेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. व्होल्टमीटरमध्ये १ टक्का आणि क्लॅम्पमध्ये २ टक्के चूक गृहीत धरली, तर रोध आणि शक्ती या दोन्हींत ३ टक्क्यांपर्यंत चूक येऊ शकते, म्हणून २६.४ ओहम याचा अर्थ साधारण साडेपंचवीस ते सव्वासत्तावीस असा घ्यावा. कॅल्क्युलेटरवरचे पुढचे दशांश लिहिण्यात अर्थ नाही. क्लॅम्पचा जबडा फक्त एकाच वायरीभोवती असावा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत आल्या तर त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. गेओर्ग ओहम यांनाही हीच स्थिरतेची अडचण आली होती. त्यांच्या काळच्या विद्युतघटांचे विभवांतर प्रयोग चालू असतानाच घसरत असे. शेवटी त्यांनी बिस्मथ आणि तांबे यांचा जोड घेऊन त्याचे एक टोक उकळत्या पाण्यात व दुसरे बर्फात ठेवले, आणि त्या स्थिर स्रोतावर १८२६ मध्ये आपला नियम मिळवला. गावच्या लाईनवर आपल्याला तशी स्थिरता मिळत नाही, म्हणून दोन्ही मीटर एकाच वेळी वाचणे, हा आपल्या हातातला उपाय आहे.

आता विहिरीवरची मोटर. हेच गणित तिला तसेच लावले तर उत्तर चुकेल. समजा, एका सिंगल फेज मोटरवर २२० व्होल्ट आणि ६.५ अँपियर मिळाले. गुणाकार १४३० येतो, पण तो वॅट नसून व्होल्ट-अँपियर आहे. पॉवर फॅक्टर, म्हणजे या गुणाकारातला प्रत्यक्ष शक्तीचा वाटा, ०.७५ असेल तर प्रत्यक्ष शक्ती सुमारे १०७० वॅटच असते. २२० भागिले ६.५ केल्यावर येणारे ३३.८ ओहमही वाइंडिंगचा (मोटरमध्ये गुंडाळलेल्या तारेचा) रोध नव्हेत. बंद मोटरच्या वाइंडिंगचा रोध मल्टिमीटरवर काही ओहमच भरतो, कारण फिरत्या मोटरमध्ये धारेला अडवण्याचे बरेचसे काम वाइंडिंगमध्ये तयार होणारे उलट विभवांतर करते. मोटर अडकली की ते उलट विभवांतर उरत नाही, धारा कितीतरी पटींनी वाढते आणि वाइंडिंग जळते. थ्री फेज मोटरसाठी दोन फेजमधले विभवांतर, धारा आणि पॉवर फॅक्टर यांच्या गुणाकाराला आणखी १.७३२ ने गुणावे लागते.

मोटरच्या बाबतीत कमी व्होल्टेजचा परिणामही गिझरच्या उलट असतो, आणि शेतकरी बांधवांनी हे विशेष लक्षात घ्यावे. पंपाला पाणी वर चढवायचेच असल्याने पूर्ण लोडवर चालणारी मोटर व्होल्टेज घसरल्यावर अधिक धारा ओढते. धारा २० टक्क्यांनी वाढली की वाइंडिंगमधली उष्णता १.२ च्या वर्गाप्रमाणे ४४ टक्क्यांनी वाढते. म्हणून १९८ व्होल्टवर गिझर निर्धास्त चालेल, पण त्याच लाईनवरची मोटर मात्र ओव्हरलोड रिले (धारा मर्यादेबाहेर गेल्यावर मोटर बंद करणारे साधन) योग्य अँपियरवर लावल्याशिवाय चालवू नये.

साध्या तारेच्या बल्बलाही रोध एकच धरून चालत नाही. २३० व्होल्ट, ६० वॅटच्या बल्बचा पेटलेला रोध सुमारे ८८० ओहम असतो. थंड असताना मल्टिमीटर साधारण ६० ते ७० ओहम दाखवतो, कारण टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. थंड रोधावरून शक्ती काढली तर ती ८०० वॅटच्या आसपास येईल. गिझरच्या कॉइलमधील नायक्रोम या मिश्रधातूचा रोध मात्र तापल्यावर थोडाच बदलतो, त्यामुळे पुरवठा तोडून, कॉइलची दोन्ही टोके सुटी करून मल्टिमीटरने मोजलेला रोधही २६ ओहमच्या आसपासच मिळायला हवा.

जोड दुरुस्त झाल्यावर गिझर चालू ठेवून मीटरपाशी आणि गिझरच्या टर्मिनलवर पुन्हा एकाच वेळी व्होल्टेज मोजून घ्यावे. दोन्हींतला फरक दोन व्होल्टच्या आत आला तर वायरिंगचे काम झाले, असे समजावे. तो तीनच्या वर राहिला तर न्यूट्रलच्या बाजूची तपासणी पुन्हा करवून घ्यावी आणि नवे आकडे मला कळवावेत.